जिभेखालचं तेल

कॅमेऱ्यासमोर, पानोपानी सह्या करून, दवाखान्याच्या परवानगीनं मी भांगेच्या झाडाचं तेल घ्यायला गेले तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं. कंबरेचं वय विचाराल तर सत्तरच्या पुढे.

मी एसटीत वाहक. बावीस वर्षं उभ्यानं तिकिटं दिली, आधी फाडून, मग मशीनमधून काढून. नागपूर–रामटेक आणि नागपूर–पारशिवनी या माझ्या नेहमीच्या फेऱ्या. वाहकाचं उभं राहणं साधं नसतं. डावा कुल्हा कोणाच्या तरी सीटच्या पाठीला टेकवलेला, गळ्यात बॅग, हातात मशीन, आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळा भार माकडहाडाच्या वर चार बोटांच्या जागेत. ती चार बोटांची जागा एके दिवशी, कन्हानच्या पुलाच्या अलीकडे, कट्ट करून बोलली. त्यानंतर ती बोलायची थांबलीच नाही.

मी काय नाही केलं! पट्टा बांधला, शेक घेतला, वजनं लटकवून कंबर ताणून घेतली. एका बाबाकडे पालथं झोपून त्याच्या नातवाला पाठीवर चालवून घेतलं, कारण तो नातू पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला होता. गोळ्या खाल्ल्या की कंबर गप्प बसायची आणि पोट बोलायला लागायचं. डेपोनं मला चौकशीच्या खिडकीत बसवलं, तर बसून आणखी दुखायला लागलं. शेवटी रामदासपेठेतल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "खालच्या मजल्यावर एक अभ्यास सुरू आहे. जुनाट कंबरदुखीसाठी एक नवीन तेल तपासून पाहताहेत. भांगेच्या झाडातून काढलेलं. जाता का?"

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा वीज खात्यात मीटरचं वाचन घ्यायचा, गेल्या वर्षी निवृत्त झाला. माणूस आकड्यांचा. हसायला त्याला कारण लागतं आणि कारणावर विचार करायला अर्धा दिवस लागतो. तो म्हणाला, "घरी पोलीस येईन का?"

"नाही येणार. नशेचा भाग त्यातून काढून टाकलेला असतो म्हणे."

"मंग राह्यते काय त्यात?"

त्यानं पारशिवनीला थोरल्या भावाला फोन लावला, स्पीकरवर. भाऊ ऐकत होते, हूं हूं करत होते. तेवढ्यात मागून माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला. फोन हिसकावल्याचा खडखडाट झाला.

"कोणतं तेल म्हणतं वं? कंबरेसाठी? मले पण पाहिजे."

माझ्या जाऊबाईंनी सत्तावीस वर्षांत माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आमचं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. मी लग्न होऊन आले ती नोकरी करणारी, आणि पुढे तर खाकी घालून गावाच्या स्टँडवर घंटी वाजवणारी. त्यांना ते कसंसंच वाटायचं. आणि त्या मला वाटायच्या गावच्या चावडीसारख्या: उभ्या, गंभीर, आवाज न चढवता हुकूम सोडणाऱ्या. पोळ्याला आणि लग्नाकार्यात भेटायचो. "बरी हायेस ना?" "हो बाई." संपलं. त्यांचीही कंबर गेली आहे हे मला त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं धानाची रोवणी. चाळीस वर्षं दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात कंबरेत वाकून उलटं चालायचं. मी निदान सरळ उभी तरी होते.

खालच्या मजल्यावरची डॉक्टर म्हणजे एक तिशीतली मुलगी निघाली. केसांना चिमटा, पायात स्पोर्ट्सचे बूट, बोलणं स्वच्छ पुस्तकी. तिनं आधी आमच्या तपासण्या केल्या, रक्त घेतलं. दोघींची दुखणी अभ्यासात बसली. मग एका खोलीत बसवून समोर कॅमेरा लावला. संमती द्यायची ती चित्रित करून घ्यायची, असा नियम. तिनं पंधरा पानांचा कागद मराठीत वाचून दाखवला. झोप येऊ शकते, पोट बिघडू शकतं, यकृतावर ताण येऊ शकतो म्हणून अधूनमधून रक्त तपासू. तुम्ही केव्हाही सोडून जाऊ शकता. आणि निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं तेल, चव आणि रंग तोच. कोणाला काय हे तुम्हाला कळणार नाही. मलाही कळणार नाही. ती यादी तिसरीकडे कुलपात.

"म्हणजे अर्ध्या लोकाइले फसवता?" जाऊबाईंनी थेट विचारलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

"नाही काकू, फसवत नाही, आधी सांगतोय ना. आता मला तुमच्या शब्दांत सांगा, तुम्हाला काय समजलं?"

मी घाबरले. मला वाटलं जाऊबाई उठून जाणार. पण त्यांनी पदर सारखा केला आणि एखाद्या पंचासारख्या बोलायला लागल्या.

"आमच्याकडे खताची कंपनी आली होती. दोन बांद्या घेतल्या धानाच्या, शेजारी शेजारी. एकीत नवीन खत टाकलं, एकीत नाही. पण आमच्या मालकाले समजलं ना कोणत्या बांदीत खत हाय थे! तर हे त्याच बांदीले पाणी जास्त देत, तण तिथलंच आधी काढत. मंग धान जास्त झालं. आता थे खतानं झालं का लाडानं झालं, कसं समजन? म्हणून तुमी आमाले सांगून नाही राहिल्या. बरोबर?"

डॉक्टर मुलीनं पेन खाली ठेवलं. "काकू," ती म्हणाली, "हे मी आमच्या विद्यार्थ्यांना असंच शिकवलं तर चालेल का?"

"शिकव न. मी काय पैसे नाही मागत."

मग माझी पाळी. मी इतकी वर्षं भर गर्दीत आवाज काढून बोललेली बाई. कॅमेऱ्यासमोर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला पण तेच समजलं." कॅमेऱ्यामागची सिस्टर हसायला लागली, मी हसायला लागले, आणि ते सगळं चित्रित झालं.

पहिला डोस तिथेच, आणि नंतर दोन तास निरीक्षण. दोन खाटा शेजारी शेजारी, मध्ये एक टेबल. तपकिरी बाटली, काचेचा ड्रॉपर. जिभेखाली धरून ठेवायचं, लगेच गिळायचं नाही. चव म्हणाल तर ओल्या गवतात कोणी तीळ कुटावेत तशी. बोलता येत नव्हतं. आम्ही दोघी जावा गाल फुगवून समोरासमोर बसलेल्या. जाऊबाईंनी भुवया उडवून "कसं वाटतं?" विचारलं. मी भुवयांनीच "काही नाही" म्हटलं. सत्तावीस वर्षांतलं ते आमचं पहिलं मोकळं बोलणं.

अर्ध्या तासानं मला हलकं वाटायला लागलं. शपथेवर सांगते. छतावरचा पंखा एकदम छान दिसायला लागला. कोपऱ्यातली वजनकाटा ठेवायची पेटी छान दिसायला लागली. सिस्टर बीपी घ्यायला आली, तिच्या हातातल्या पट्ट्यातून हवा निघाली फुस्स करून, आणि मी जी हसत सुटले ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी. डॉक्टर आली, म्हणाली, "काकू, यात नशा आणणारा घटक नाही. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"माहिती आहे," मी म्हटलं आणि पुन्हा हसले.

जाऊबाई शेजारच्या खाटेवर मांडी घालून बसलेल्या. "मले काहीच नाही झालं," त्यांनी जाहीर केलं. "मले साधं तेल देलं."

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. मला असली, त्यांना नकली.

दर पंधरा दिवसांनी जायचं. जुनी बाटली परत द्यायची, नवीन घ्यायची, आणि दुखण्याची वही दाखवायची. वहीत रोज शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. जाऊबाईंना आकडे येत होते पण पटत नव्हते. "पाच म्हणजे किती वं?" त्या मला फोनवर विचारत. मग त्यांनी आपलीच मापं काढली. एका दिवशी वहीत लिहिलं होतं: रोवणीच्या तिसऱ्या दिवसाएवढं. दुसऱ्या दिवशी: पाहुणे गेल्यानंतरच्या एवढं. एका दिवशी नुसतं: सासूच्या बोलण्याएवढं. सिस्टर ती वही घेऊन बसायची आणि एकेकाचा आकडा त्यांच्याकडून कबूल करून घ्यायची. "सासूबाईंचं बोलणं सहा का सात, काकू?" जाऊबाई विचार करून म्हणायच्या, "हयात होत्या तेव्हाचं नऊ. आता चार लिही."

माझ्या वहीत आकडे घसरत होते. सात, सहा, सहा, पाच, चार. मी पहाटे उठून स्वतः वाकून दारात सडा टाकायला लागले. वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा पडला तर नवऱ्याला हाक न मारता उचलायला लागले. एकदा मुद्दाम पाडून उचलला. डेपोतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात वरात निघाली, संदलचे ढोल-ताशे सुरू झाले, आणि मी, चौकशीच्या खिडकीतली बाई, वरातीत घुसून नाचले. नवरा रस्त्याच्या कडेला माझी पर्स धरून उभा. रात्री झोपायच्या आधी तो म्हणाला, "त्या तेलात नक्कीच काहीतरी हाय."

जाऊबाईंचे आकडे मात्र जागचे हलत नव्हते. पण एक गोष्ट झाली. त्या पारशिवनीहून सकाळच्या गाडीनं यायच्या, मी त्यांना स्टँडवर घ्यायला जायचे, आणि दवाखाना झाला की आम्ही तर्री पोहे खायचो. खाता खाता त्या बोलायच्या. गावातलं, घरातलं, त्यांच्या माहेरच्या विहिरीचं. त्या चांगल्याच नकला करतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या दिरांची घोरण्याची नक्कल त्यांनी भर ठेल्यावर, तोंडात पोहे असताना केली होती.

महिना झाला तेव्हाची गोष्ट. नवीन बाटल्या घेऊन आम्ही बाहेर आलो. जाऊबाईंना त्या दिवशी येतानाच्या गाडीत जागा मिळाली नव्हती. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. ठेल्याच्या बाकावर बसल्या तर उठता येईना. मी हात दिला. त्या उभ्या राहिल्या, श्वास घेतला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुही बाटली मले दे न."

"काय?"

"पंधरा दिवस. माही तू घे. तुले तर आता बरंच झालं. मले एकदा पाहू तर दे कसं वाटते थे."

"बाई, आपण सह्या केल्या आहेत. कॅमेऱ्यासमोर."

"कॅमेरा काय इथं हाय?"

मी इतकी वर्षं विनातिकीट प्रवासी पकडलेली बाई. शाळेच्या मास्तरांना उतरवलं आहे, एकदा स्वतःच्या मावसभावाला उतरवलं आहे. पण समोर या बाईचा चेहरा होता, आणि तिनं पहिल्यांदा, दुसऱ्यांदा म्हणा, माझ्याकडे काही मागितलं होतं. मी पर्स उघडली. आम्ही टेबलाखालून बाटल्या बदलल्या. लगेच दोघींना हसू फुटलं. शाळेत पेरू चोरल्यावर फुटतं तसं. ठेलेवाला म्हणाला, "काय झालं मॅडम?" आणि जाऊबाई म्हणाल्या, "तर्री तिखट हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी खिडकीत बसलेली, समोर मौद्याची गाडी विचारणाऱ्यांची रांग.

"ऐकतं का वं? मी खाली बसून भाकरी थापली! पाच थापल्या! अन् उठली, हात न टेकवता!"

"खरंच?"

"तुह्या बाटलीत जादू हाय वं, बाई! हे तर मले पाहूनच राहिले, म्हणतात, तुले काय झालं? मी म्हटलं, मले नाही झालं काही, तेच तर झालं!"

आणि त्या हसल्या. फोनमधून असा खळखळ आवाज आला की रांगेतली बाई म्हणाली, "ताई, गाडी सोडा, पण फोन ठेवू नका." मी आनंदानं सगळ्यांना मौद्याची गाडी तीनदा सांगितली.

पण खरं सांगायचं तर त्याच सकाळी मला बुटाची नाडी बांधता आली नव्हती. बाटली बदलल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून माझी चार बोटांची जागा पुन्हा बोलायला लागली. चौथ्या दिवशी सडा बंद. सहाव्या दिवशी पट्टा पुन्हा बांधला. पंखा पुन्हा नुसता पंखा झाला. तिकडे जाऊबाई रोज फोन करत. आज शेतापर्यंत चालत गेली. आज उंचावरचा डबा काढला. आज नातवाला कडेवर घेतलं. मला त्यांच्यासाठी इतकं बरं वाटायचं आणि स्वतःसाठी इतकं वाईट, की फोन ठेवला की मी एकाच वेळी हसायचे आणि कण्हायचे.

नवव्या दिवशी नवऱ्यानं पकडलं. तो रोज माझ्या वहीवर नजर टाकायचा, आकड्यांचं वेड म्हणून. त्या दिवशी त्यानं बाटली उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"या बाटलीचा नंबर वहीतल्या नंबराशी जुळत नाही."

एकतीस वर्षं लोकांनी फिरवलेले मीटर त्यानं ओळखले होते. माझं तोंड ओळखायला त्याला मीटरही लागला नाही. मी सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "समज तुह्या बाटलीतलं वहिनीले नसतं सोसलं, अन् काही झालं असतं, तर त्या पोरीनं कोणतं औषध देलं म्हणून सांगतलं असतं? तिच्याजवळचा कागदच खोटा करून ठेवला तुमी."

मला हे सुचलंच नव्हतं. मी लगेच जाऊबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उद्या येते. मी सांगीन. कल्पना माही होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टर मुलीसमोर बसलो, दोन्ही बाटल्या टेबलावर. जाऊबाईंनी काहीही न लपवता सांगितलं. मुलगी ऐकत होती. तिचा चेहरा उतरत गेला. तिनं आधी दोघींची बीपी घेतली, रक्त काढायला सिस्टरला बोलावलं, कुठे पिवळेपणा, खाज, चक्कर, सगळं विचारलं. मग बसली.

"काकू, मी तुमच्यावर रागवायला पाहिजे," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालं असतं तर मला कळलंही नसतं की कशामुळे झालं. आणि बाकीचे जे लोक इतक्या इमानानं येताहेत, त्यांचीही मेहनत यात आहे."

"हाव," जाऊबाई म्हणाल्या. "चुकलं. दोन बांद्यांतलं पाणी आमीच एकमेकीत सोडलं."

मुलीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिचं ते स्वच्छ पुस्तकी मराठी एकदम सुटलं. "मी रागवून नाही राहिली वं, काकू! मी विचार करून राहिली, हे परवानगीच्या समितीले लिहू कसं! 'दोन जावांनी पोह्याच्या ठेल्यावर बाटल्या बदलल्या' असं लिहू?"

"तर्री पोहे लिही," जाऊबाई म्हणाल्या. "नुसते पोहे नाही."

मग कोणालाच आवरेना. तिनं टेबलावर डोकं टेकलं होतं आणि खांदे हलत होते.

निर्णय असा झाला: आमचं औषध बंद. जे झालं ते जसंच्या तसं कळवायचं. पण तपासण्यांसाठी शेवटपर्यंत यायचं, वही भरायची. कोणाच्या बाटलीत काय होतं ते अभ्यास संपल्यावरच उघडणार. आम्ही दोघींनी मान डोलावली. परत येताना जाऊबाई म्हणाल्या, "निदान येणं तर बंद नाही केलं."

औषधाविना पहिला आठवडा दोघींचाही वाईट गेला. नंतर सिस्टरनं आम्हाला काही व्यायाम शिकवले, पाठीवर पडून गुडघे छातीशी घ्यायचे, मांजरासारखी पाठ वर करायची. जाऊबाईंनी ते पारशिवनीत अंगणात केले तेव्हा कुत्रं भुंकलं आणि दीर आतून धावत आले. आकडे पुन्हा घसरले. फार नाही. पाच, चार, पाच, चार. एखाद्या दिवशी तीन. जाऊबाईंच्या वहीत: पाहुणे येणार म्हटल्यावरच्या एवढं.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले, तेव्हा दवाखान्याचा फोन आला. अभ्यास संपला, यादी उघडली, ज्यांना हवं त्यांनी येऊन आपलं ऐकून जा. आम्ही नवे कपडे घालून गेलो. खरंच. जाऊबाईंनी गोंदियाच्या एका लग्नात मिळालेली जरीची साडी नेसली होती. नवराही आला, निकाल ऐकायला.

डॉक्टर मुलीनं कागद पुढे घेतला. ती आधीच हसू दाबत होती, म्हणून मला वाटलं मला नुसतंच तेल मिळालं असणार. वरातीतला नाच माझ्या डोळ्यांपुढून गेला.

"काकू, तुम्हाला औषध होतं," ती मला म्हणाली.

"म्हणतच होती मी," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि काकू," ती त्यांच्याकडे वळली, "तुम्हालाही."

जाऊबाईंनी एक बोट माझ्याकडे केलं, मग स्वतःकडे, मग परत माझ्याकडे. ओठ हलत होते. त्या हिशेब जुळवत होत्या.

"म्हणजे हिच्या बाटलीतही असली. माह्या बाटलीतही असली."

"हो."

"अन् आम्ही असली देऊन असली घेतली."

"हो काकू."

"मंग हिची घेतल्यावर मले बरं कसं वाटलं? अन् माही घेऊन हिची कंबर काहून दुखली?"

डॉक्टरनं हात पसरले. आणि जाऊबाई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, नुसती जरीची साडी हलत होती. मग मी. मग आम्ही एकमेकींच्या खांद्यावर पडलो. मी म्हणत होते, "नातवाला कडेवर घेतलं!" आणि त्या म्हणत होत्या, "पट्टा बांधला वं, पट्टा!" शेजारच्या खोलीतून एक म्हातारे गृहस्थ डोकावले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "यांना खरं औषध मिळालं वाटते." त्यावर माझा नवरा, ज्याला हसायला अर्धा दिवस लागतो, तो भिंतीला टेकून असा हसला की त्याचा चष्मा पडला. तो मी उचलला. वाकून.

शांत झाल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "बरं, बाकी लोकाइचं काय झालं? पिकलं का?"

मुलगी गंभीर झाली. म्हणाली, औषधवाल्यांचं दुखणं कमी झालं. आणि नुसत्या तेलवाल्यांचंही जवळजवळ तेवढंच कमी झालं. दोन्हींत म्हणावा असा फरक निघाला नाही. तुम्हा दोघींचे आकडे आम्ही वेगळे ठेवले होते, पण ते धरले तरी निकाल बदलत नाही.

"म्हणजे तुह्यं औषध नापास?"

"या दुखण्यासाठी, एवढ्या मात्रेत, आमच्याकडे तरी. हो."

तिचा आवाज थोडा खाली गेला होता. एवढी वर्षं तिनं यासाठी धावपळ केली होती. जाऊबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नापास झालं तर झालं. खरं तर समजलं ना? आमच्या गावात त्या खताचं अजून समजलं नाही, लोक टाकूनच राहिले." मुलगी हसली, पण डोळे ओले होते. "मंग आमाले बरं काहून वाटलं, थे सांग," जाऊबाईंनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मलाही पूर्ण माहीत नाही, काकू." मला तिचं हे उत्तर फार आवडलं. आजवर माझ्या कंबरेबद्दल कोणीही मला "माहीत नाही" म्हटलं नव्हतं, त्या पायाळू नातवाच्या आजोबांनीसुद्धा.

बाहेर आलो तर दुपारचे बारा झाले होते. नवऱ्याला बँकेत काम होतं, तो गेला. जाऊबाईंची गाडी चार वाजता. त्या रस्त्यात थांबून वर बघत होत्या. डोक्यावरच्या पुलावरून मेट्रो चालली होती.

"त्यात तू बसली काय?"

"खूपदा."

"मले नेतं?"

स्टेशनात सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि वर जात होत्या, निघत होत्या आणि वर जात होत्या. मागे कॉलेजच्या पोरी येऊन उभ्या राहिल्या. जाऊबाईंनी जरीची साडी घोट्याच्या वर धरली, माझा हात घट्ट पकडला, रोवणीला पहिला पाय चिखलात टाकावा तशी नजर लावून एक पायरी हेरली आणि म्हणाल्या, "हूं!" आम्ही दोघी एकदमच चढलो. पायाखालचं सगळं वर निघालं. "अगं माय माय माय!" त्या ओरडल्या, आणि मागच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. वर पोचल्यावर त्या खाली वळून पाहत राहिल्या.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या.

आम्ही साध्या जिन्यानं खाली उतरलो आणि पुन्हा वर गेलो. तीनदा.